मे-जूनमध्ये समुद्रावर जायचंय? मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी

आमच्या ऑफिसात नवीन लागलेली लातूरची एक मुलगी परवा डबा खाताना म्हणाली, "सर, ७ जूनच्या रविवारी आम्ही पाच-सहा जण अक्साला जाणार आहोत. समुद्र कसा असेल त्या दिवशी?"

मी म्हटलं, "भरती पहाटे सव्वापाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, हे आत्ता सांगतो. लाटा किती मोठ्या ते बुधवारी सांगेन. पावसाचं शनिवारी रात्री विचार. आणि पाण्यात उतरायचं की नाही, ते तिथे वाळूवर उभं राहून ठरव."

तिला वाटलं, मी टाळतोय. पण उत्तर खरंच असं चार तुकड्यांत आहे. भरती-ओहोटी वर्षभर आधी सांगता येते. लाटांचा अंदाज चार-पाच दिवस धरून चालतो. मुंबईचा पाऊस दोन दिवसांपलीकडे कुणी छातीठोकपणे सांगू नये. आणि वाळूखालचे खड्डे, पाण्याची ओढ, हे त्या दिवशीच कळतं. मोबाइलमधली अॅप या चारही गोष्टी एकाच तक्त्यात मांडतात, तीन आठवड्यांनंतरची लाटही दशांश चिन्हासकट दाखवतात, म्हणून नवखा माणूस फसतो. आत्ता २०२६ चा मे अर्ध्यावर आलाय. इथून जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचं गणित कसं मांडायचं, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: कॅलेंडरवरची तिथी बघा

अॅप नंतर. आधी भिंतीवरचं, तिथी छापलेलं कॅलेंडर. आमच्या वर्सोव्याच्या बाजूला जुन्या कोळ्यांना भरती विचारली की ते घड्याळ बघत नाहीत, उलट आपल्यालाच विचारतात, "आज तिथ काय?" हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावस्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या जवळपास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी. चंद्रामुळे रोज ही वेळ पन्नासेक मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे मागच्या रविवारी सकाळी पाणी लांब होतं म्हणून या रविवारीही असेल, असं धरू नका.

हे ठोकताळ्याचं गणित आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. नेमकी वेळ भरतीच्या छापील तक्त्यातून किंवा अॅपमधून घ्या. पण तिथी डोक्यात असली की अॅपने चुकून भलत्याच बंदराची वेळ दाखवली तर लगेच लक्षात येतं.

आता यंदाच्या तारखा. १६ मेला अमावस्या, ३१ मेला पौर्णिमा, १५ जूनला पुन्हा अमावस्या. मधला महिना अधिक ज्येष्ठ आहे. या तिन्ही तिथींच्या आसपास, खरं तर एक-दोन दिवस उलटल्यावर, उधाणाची भरती असते. त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे २३ मे, ८ जून, २१ जूनच्या आसपास, भांगाची भरती: पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार मीटरच्या आसपास चढतं आणि ओहोटीला पाऊण मीटरपर्यंत खाली जातं. भांगाला हेच आकडे सव्वातीन आणि पावणेदोन-दोन असे असतात. फरक लक्षात आला? उधाणाच्या दिवशी सहा तासांत एका मजल्याहून जास्त पाणी हलतं.

तिन्ही उधाणं सारखी नाहीत. ३१ मेची पौर्णिमा चंद्र पृथ्वीपासून लांब असताना येते, वर्षातला सगळ्यात लहान दिसणारा पूर्णचंद्र तोच. त्यामुळे ते उधाण त्या मानाने मवाळ. १६ मे आणि १५ जूनच्या अमावस्यांना चंद्र जवळ आहे, पाणी जास्त चढणार. त्यात पावसाळ्यात दुपारची भरती मोठी असते, हिवाळ्यात मध्यरात्रीची. म्हणून १५ ते १८ जून या तारखांवर मी माझ्या कॅलेंडरात लाल पेनाने गोल केलाय. का, ते पुढे येईल.

पायरी २: पाणी कधी वेगाने येतं ते समजून घ्या

भरती एकसारख्या गतीने येत नाही. सहा तासांचे सहा भाग केले, तर पहिल्या तासात एकूण चढावाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं असं धरलं, तर एकट्या तिसऱ्या तासात एक मीटर. जुहू किंवा अक्साची पुळण इतकी सपाट आहे की उभं एक मीटर म्हणजे आडवं कितीतरी पावलं.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. मुंबईत आलो त्या पहिल्या वर्षी अक्साला आम्ही तिघांनी बॅगा "पाण्यापासून चांगल्या लांब" ठेवल्या आणि पुढे गेलो. पहिला तासभर पाणी जागचं हललंच नाही, आम्ही निर्धास्त. नंतर मागे वळून बघतो तर एक चप्पल पाण्यावर तरंगत आमच्याकडेच येत होती. ओळखीची वाटली. बॅगेत माझा फोन होता, मित्राचं पाकीट होतं आणि तिघांचे परतीचे कोरडे कपडे होते. मालाडपर्यंत ओल्या हाफपँटीत बसमधून उभ्याने आलो, कंडक्टरने बसूच दिलं नाही. त्या दिवशी भरती-ओहोटीचा तक्ता बघितला होता का? नाही. वाळूवर आदल्या भरतीने सोडलेली कचऱ्याची रेघ दिसत होती का? दिसत होती, स्वच्छ. बॅगा तिच्या अलीकडे, समुद्राच्या बाजूला होत्या.

तेवढं एक पाठ करून ठेवा: सामान कचऱ्याच्या रेघेच्या वर.

आणखी एक सापळा संध्याकाळचा आहे. पौर्णिमा-अमावस्येला भरती बाराला, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सहाच्या पुढे. नेमका सूर्यास्ताचा मुहूर्त. पाणी लांब गेलेलं, ओली वाळू आरशासारखी चमकत असते, लोक फोटो काढत काढत आत जातात. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो. अंधार पडायला आणि पाणी जोर धरायला एकच गाठ पडते. त्या दिवशी सातला मागे फिरा. मुंबईत भरती डोळ्यांनी शिकायची असेल तर हाजी अलीला जा. दर्ग्याकडे जाणारी वाट भरतीला पाण्याखाली जाते आणि ओहोटीला पुन्हा वर येते.

पायरी ३: दर गुरुवारी मोसमी वाऱ्याची खबर घ्या

भारतीय हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो. त्यातून तुमच्या रविवारी सरी पडतील का हे कळणार नाही. दोनच गोष्टी शोधा. मोसमी वारे कुठवर आलेत, आणि अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार होण्याची शक्यता लिहिली आहे का.

मुंबईत मोसमी पाऊस दाखल होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण ती सरासरी आहे. २०२३ मध्ये तो २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मेलाच येऊन थडकला. त्यामुळे "११ तारखेपर्यंत मोकळीक आहे" असं समजू नका. उलट मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हाच अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचा काळ. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं, ३ जून २०२० ला निसर्ग अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. गुरुवारच्या अंदाजात अरबी समुद्राचं नाव दिसलं की पुढचे आठ-दहा दिवस पाण्यात उतरण्याचा बेत बाजूला. १ जूनपासून यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी लागते. माशांच्या विणीच्या हंगामासाठी आहेच, पण समुद्र खवळतो हेही कारण आहे. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या वर ओढून ठेवत असताना आपण सर्फिंगचा बोर्ड घेऊन आत जाण्यात शहाणपण नाही.

आता लाल गोलाचं. १५ जूनची अमावस्या पावसाच्या सर्वसाधारण तारखेला चिकटून आहे. उधाणाच्या भरतीला शहरातली गटारं समुद्रात मोकळी होऊ शकत नाहीत. त्याच तीन-चार तासांत मुसळधार पाऊस झाला तर पाणी रस्त्यावर राहतं. त्या दिवसांत दुपारी किनाऱ्यावर गेलात, तर समुद्रापेक्षा घरी परतण्याचाच प्रश्न मोठा होईल.

पायरी ४: पाच दिवस आधी लाटा वाचा

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, किनाऱ्यानुसार लाटांचा अंदाज देतं. खाजगी अॅपही आहेत. कुठेही बघा, तीन आकडे शोधा: उंची, दोन लाटांमधलं अंतर सेकंदांत, आणि दिशा.

उंचीबद्दल एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिथे लिहिलेली उंची ही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. एक मीटर लिहिलं असेल तर दिवसभरात कधीतरी तुमच्या डोक्याएवढी लाट येणार, हे धरूनच चला.

सेकंद हा आकडा उंचीपेक्षा महत्त्वाचा. चार ते सहा सेकंद म्हणजे जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली खळबळ, त्रासदायक पण ताकद कमी. दहाच्या पुढे गेला की ती लांबून आलेली लाट. एप्रिल-मेमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांनी उठवलेल्या लाटा हजारो किलोमीटर कापून आपल्या किनाऱ्यापर्यंत येतात, केरळात त्यांना कल्लक्कडल म्हणतात, चोर समुद्र. वर आभाळ निरभ्र, वारा पडलेला, आणि पाणी अचानक वर चढतं. अशी लाट लांबून बुटकी दिसते, उथळ पाण्यात आली की उभी राहते.

म्हणूनच पावसाचा अलर्ट बघून समुद्राचा अंदाज बांधू नका. पिवळा, नारिंगी, लाल हे हवामान विभागाचे रंग पाऊस-वादळाचे. लाटांचा इशारा वेगळा असतो, तो वेगळा बघावा लागतो. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ मुंबईपासून कितीतरी लांब समुद्रात होतं, पुढे १५ तारखेला ते गुजरातेत जखाऊजवळ धडकलं. पण १२ जूनच्या संध्याकाळी इथे जुहूला पोहायला गेलेली मुलं बुडाली.

माझी स्वतःची रेघ सांगतो, ती सरकारी नाही. पाऊण मीटरपर्यंत आणि आठ सेकंदांच्या आत, तर गुडघ्या-कमरेपर्यंत उतरा. एक मीटर झाला की नुसते पाय ओले करा. दीड मीटरच्या वर कठड्यामागून बघा, चहा घ्या.

पायरी ५: वारा, आणि सकाळची वेळ

शाळेत मतलई वारे आणि खारे वारे शिकलात ना? मुंबईत ते रोज भेटतात. रात्रभर जमीन निवते, पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. आपले बहुतेक किनारे पश्चिमेला तोंड करून, म्हणून हा पूर्वेचा वारा लाटेला समोरून थोपवतो आणि ती नीटस फुटते. दुपारच्या सुमारास खारा वारा सुटतो, पाणी खरबरीत होतं. सर्फिंग शिकणारी मंडळी, उदाहरणार्थ विरारजवळच्या राजोडीला, भल्या सकाळी का जमतात त्याचं उत्तर हे.

मुंबई काही सर्फिंगचं शहर नाही, हे प्रेमानेच सांगतो. तरी ज्यांना बोर्डवर उभं राहून बघायचंच आहे त्यांच्यासाठी या पाच आठवड्यांतला त्यातल्या त्यात बरा मुहूर्त ३० आणि ३१ मे, शनिवार-रविवार. तिथी चतुर्दशी-पौर्णिमा, म्हणजे भरती साडेदहा-सव्वाअकराच्या पुढे, ओहोटी पहाटे साडेचार-पाचला. साडेसहा ते नऊ या वेळात पाणी मध्यावर आणि चढतं, वारा बहुधा अजून जमिनीकडचा. अर्थात इन्कॉइसचा आकडा आणि अरबी समुद्र दोन्ही शांत असतील तरच, आणि शिकवणारा सोबत असेल तर. पुढचं असंच भरतीचं गणित १३-१४ जूनला जमतं, पण तोवर मोसमी वारा येऊन बसलेला असायची शक्यता जास्त. पावसाळ्यात मतलई असा राहतच नाही, चोवीस तास पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा. नवशिक्याने जून ते सप्टेंबर बोर्ड माळ्यावर ठेवावा.

अॅपमध्ये वारा नॉटमध्ये असेल तर दुप्पट करून थोडे कमी करा, किलोमीटर मिळतात. दहा नॉट म्हणजे ताशी साडेअठरा.

पायरी ६: आदल्या रात्री आणि निघताना

रात्री हवामान विभागाचा मुंबईसाठीचा जिल्हावार इशारा, सकाळी निघताना तीन तासांचा तात्काळ अंदाज आणि रडारचं चित्र. मेअखेरीस वळवाचे ढग संध्याकाळी पूर्वेकडून, ठाणे-कल्याणच्या बाजूने येतात आणि पाठीमागून येत असल्यामुळे समुद्राकडे तोंड करून बसलेल्याला दिसतच नाहीत. गडगडाट ऐकू आला की वाळूवरून उठा. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता.

लाल-नारिंगी अलर्टच्या दिवशी पालिका चौपाट्यांवर वेळेचं बंधन घालू शकते, तेही बघून घ्या. विरारवरून यायचं आणि पोलिसाने गेटवरून परत पाठवायचं, असं नको.

पायरी ७: वाळूवर पंधरा मिनिटं नुसतं उभं राहा

पोहोचल्यावर लगेच धावू नका. चप्पल काढा, उभे राहा, लाटा बघा. मोठ्या लाटा टोळीने येतात, मध्ये शांतता असते. नवखे लोक नेमके त्या शांततेत उतरतात.

मग बघा, लाटा सगळीकडे सारख्या फुटतायत का? एखाद्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी सपाट दिसतं, गढूळ, फेस उलटा आत जाताना दिसतो. तीच जागा सगळ्यात सुरक्षित वाटते आणि तीच ओढीची असते. किनाऱ्यावर येऊन आदळलेलं पाणी परत जायला वाट शोधतं, ती वाट तिथे. अडकलात तर किनाऱ्याकडे झटून पोहू नका, दमाल. किनाऱ्याला समांतर, आडवे सरका, ओढीचा पट्टा अरुंद असतो, मग लाटेबरोबर बाहेर या. पोहता येत नसेल तर पाण्यावर पाठ टेकून तरंगा आणि हात वर करा. बुडणाऱ्याला वाचवायला साखळी करून उतरू नका. दोरी, टायर, रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगतं ते फेका.

अक्साची ख्याती वाईट आहे आणि ती उगाच नाही. तिथली वाळू दर पावसाळ्यात सरकते, गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल गळ्यापर्यंत जातं. मार्वे-मनोरीच्या खाडीच्या तोंडाशी ओहोटीचा प्रवाह जोरात बाहेर ओढतो, तिथे पाण्यात खेळू नये. लहान मुलं असतील तर मी जुहूला नेतो, जीवरक्षक बसतो त्या मचाणासमोर. गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, अक्सा आणि गोराई इथे पालिकेतर्फे जीवरक्षक असतात, त्यांची व्यवस्था अग्निशमन दलाकडे आहे. त्यांनी शिट्टी मारली की वाद घालायचा नसतो. तो माणूस तेच पाणी रोज बघतो.

थोडं चावण्या-चिकटण्याबद्दल

जूननंतर जुहू-गिरगावला फुग्यासारखे निळे जीव वाळूवर येऊन पडतात, ब्लूबॉटल. दिसायला खेळण्यासारखे, मुलं हमखास उचलतात. मेलेला असला तरी शेपटी डसते. डसल्यास चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेला धागा चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्याचा शेक. पाकट माशाचा काटा लागला तरी गरम पाणीच, आणि थेट रुग्णालय. २०१३ च्या गणपती विसर्जनाला गिरगावात पाकटांनी अनेकांना डंख मारले होते. गढूळ पाण्यात पाय उचलून टाकण्यापेक्षा घासत घासत चाला, पाकट आधीच पळून जातं.

पायाला काळं चिकट लागलं तर ते डांबराचे गोळे, समुद्रात सांडलेल्या तेलाचे. खोबरेल तेलाने निघतात, साबणाने नाही. आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस पाण्यात अजिबात नको, वर्षभर नाल्यांत साठलेलं सगळं तेव्हा समुद्रात येतं. अंगावर जखम असेल तर मुळीच नको.

फोनमध्ये तीन नंबर घालून ठेवा: पोलीस-रुग्णवाहिकेसाठी ११२, पालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६, तटरक्षक दलाचा १५५४.

राहता राहिला ७ जूनचा बेत. तिथी सप्तमी, भांगाचे दिवस जवळ, म्हणजे पाणी फार हलणार नाही. भरती पहाटेच होऊन गेलेली असेल, सकाळभर उतरतं पाणी, ओहोटी साडेअकराच्या सुमारास. तिला म्हटलं, सातला पोहोचा, चालून घ्या, शंख-शिंपले बघा, दहाला उन्हं चढायच्या आत निघा. उतरत्या पाण्यात आत जायचं नाही, ते बाहेरच ओढतं. बुधवारी लाटांचा आकडा बघून तिला मेसेज टाकायचाय. पाऊण मीटरच्या वर असेल तर अक्सा रद्द, वर्सोव्याला आमच्याकडे या म्हणून सांगणार आहे. मासेमारीबंदी लागली तरी घरोघरी सुकटीचा साठा असतो, जवळा चटणीला उत्तम.